निळ्याचे तास

बाई त्याला 'तुम्ही' म्हणाल्या तेव्हा नऊला पाच मिनिटं कमी होती. दुसऱ्या मजल्यावर पाण्याच्या मशीनपाशी तो बाटली भरत उभा होता आणि बाई जिन्याने वर आल्या. लिफ्ट असताना त्या जिन्यानेच येत. नेहमीसारख्या कठड्याला हात टेकून थांबल्या, नेहमीसारखा दम खाल्ला, आणि म्हणाल्या, "आलात का तुम्ही? बरं झालं. मागच्या खोलीची ही माझ्याकडची चावी. आता तुमच्याजवळच असू द्या." चावी त्याच्या ओल्या तळहातावर ठेवून त्या पुढे निघून गेल्या. बाटली भरून मनगटावरून पाणी वाहायला लागलं तरी त्याला कळलं नाही. अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत बाईंनी त्याला 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. नोकरीवर घेतलं तेव्हा 'उद्यापासून ये' म्हणाल्या होत्या, चुकला तेव्हा 'तुझं डोकं ठिकाणावर आहे का' म्हणाल्या होत्या, आणि त्याच्या लग्नात, सगळ्या सासरच्या मंडळींसमोर, 'अरे, तू जेवलास का' असं अशा काही आवाजात विचारलं होतं की सासरे दिवसभर 'ह्या कोण' म्हणून चौकशी करत फिरत होते. आता ते 'तू' कुठेतरी जिन्यात गळून पडलं होतं. खिशात चावी टाकताना ती जुन्या चावीवर आपटून वाजली. एकाच कुलपाच्या दोन चाव्या एकाच खिशात. म्हणजे त्या खोलीत आता त्याच्याशिवाय कोणी जाऊ शकणार नव्हतं, बाईसुद्धा नाही.

ती करडी तीन मजली इमारत बाहेरून गोदामासारखी दिसे. आत पडदे छापले जात. त्याच्या मामेसासूबाईंनी एकदा बैठकीच्या खोलीसाठी सवलतीत पडदे मिळतील का असं विचारलं होतं, तेव्हापासून घरात तो 'पडदेवाला' झाला होता. आमचे पडदे खिडकीला लावायचे नसतात, ते टीव्हीचे, फोनचे, उजळणारे पडदे असतात, हे त्याने त्यांना समजावून सांगितलं होतं आणि ते त्यांना अजिबात पटलं नव्हतं. खरं म्हणजे त्यालाही कधीकधी पटायचं नाही. प्लॅस्टिकच्या जातीतली काही द्रव्यं अशी असतात की त्यांचा केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतका पातळ थर विजेच्या दोन टोकांमध्ये धरला की तो आपला आपण उजळतो. मागे दिवा नाही, पुढे काच रंगवलेली नाही, थरच दिवा. ते द्रव्य विरघळवून त्याची शाई करायची, आणि घरच्या प्रिंटरमध्ये कागदावर जशी बारीक तोंडांतून शाई उडते तशी ती काचेवर उडवायची. पण काच कागदासारखी शाई पीत नाही. थेंब पसरतो, शेजारच्यात मिसळतो, लाल हिरव्यात घुसतो. म्हणून काचेवर आधी बारीक बांध घालून वाफे करून ठेवायचे, लाखो वाफे, डोळ्यांना दिसणार नाहीत असे. वाफे आणि बांध हे शब्द बाईंनीच रुजवले होते. वाफ्याला थेंब आवडला पाहिजे आणि बांधाला तो नकोसा झाला पाहिजे, असं त्या म्हणत. म्हणजे नेम थोडा चुकून थेंब बांधावर पडला तरी बांध त्याला टिकू देत नाही, घसरवून आपल्या घरी पाठवतो. हे इतकं साधं वाटे ऐकायला. ते साधायला त्यांची तीन वर्षं गेली होती.

आणि त्यानंतर सुकण्याची चार वर्षं. थेंब वाफ्यात बरोबर पडला म्हणजे झालं नाही, तो सुकताना काय करतो हे खरं. त्याला नोकरीवर घेतलं तेच ह्या प्रश्नावर. मुलाखतीला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता, हातात प्रमाणपत्रांची फाइल. बाईंनी फाइल उघडलीच नाही. टेबलावर चहाचा एक थेंब सांडून वाळला होता, त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, ह्याची कडच काळी का, मध्य फिका का. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, कडेला पाणी आधी उडून जातं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे धावतं, आणि धावताना चहा सोबत नेतं. बाई म्हणाल्या, बरोबर. आणि असंच जर माझ्या एकेका वाफ्यात झालं तर पडद्याच्या प्रत्येक ठिपक्याला कडा उजळ आणि पोट काळं, असला पडदा कोण घेईल. त्यांनी त्यावर दोन द्रावकं एकत्र केली, एक लवकर उडणारं, एक रेंगाळणारं, आणि रेंगाळणारं आतल्या मालाला शेवटपर्यंत हलतं ठेवतं. किती टक्के हे, किती ते, किती उबेवर, किती निर्वात पेटीत, हे शोधताना त्यांच्या वह्यांचं एक कपाट भरलं. त्या वह्यांत न जमलेल्या काचाही जमलेल्यांइतक्याच नीट लिहिलेल्या असत, तेच वळण, तीच शाई, तारीख, वेळ. नवीन माणसाला त्या पहिल्या दिवशी जमलेल्या काचेची वही देत नसत, न जमलेल्या काचेची देत. त्याने ती वही तेव्हा दोन दिवस वाचली होती आणि अशा माणसाच्या हाताखाली आपल्याला जागा मिळाली ह्याचं त्याला इतकं नवल वाटलं होतं की त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

त्याचं काम मोजण्याचं. काच तयार झाली, वरून धातूचा थर बसला, ओलावा आत शिरू नये म्हणून दुसऱ्या काचेचं झाकण कडेने चिकटवलं, की ती त्याच्याकडे येई. किती उजेड, किती वीज, रंग कसा, आणि शेवटी सगळ्यांत महत्त्वाचं, किती तास. हे द्रव्य उजळताना झिजतं. उजेड अर्ध्यावर यायला जितके तास लागतात ते त्याचं आयुष्य. लाल दमदार, हिरवा त्याहून दमदार, आणि निळा नाजूक. सगळ्यांचाच निळा नाजूक असतो, पण बाईंनी आपल्या निळ्याचं आयुष्य दहा हजार तास काढलं होतं आणि ते छापून आलं होतं. तेवढ्यावर कंपनीने मोठ्या पडद्याचा घाट घातला होता. आता दहा हजार तास म्हणजे वर्षाच्या वर दोन महिने. तेवढी वाट कोणी बघत नाही. म्हणून काच मुद्दाम खूप जास्त उजळवायची, ती आठवड्यात अर्धी झाली की त्याला ठरलेल्या पटीने गुणायचं. पट बाईंनी पुस्तकाप्रमाणे घेतली होती, त्यात लबाडी काही नव्हती. पण त्याने सात महिन्यांपूर्वी मागच्या खोलीत चोवीस काचा, प्रत्येक रंगाच्या आठ, साध्या, रोजच्या वापरातल्या उजेडावर लावून ठेवल्या होत्या. न गुणता. नुसत्या जळू द्यायच्या आणि बघायचं. बाईंनी एकदाच विचारलं होतं, काय म्हणतात काचा. जळतायत, असं तो म्हणाला होता, आणि त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

आदल्या दिवशी, गुरुवारी, मोठ्या साहेबांनी त्याला वर बोलावलं होतं. साहेब भला माणूस; समोरच्याला आधी बसवायचा, मग बोलायचा. सोमवारी बैठक आहे, त्यांनी सांगितलं, मोठ्या पडद्याचं पुढे न्यायचं की नाही ते ठरणार. निळा दहा हजार तास टिकतो की नाही, एवढंच दोन पानांत लिहून हवंय, आणि ते बाईंनी लिहून चालणार नाही, कारण पडदा बाईंचा. तो 'बरं' म्हणाला. बाईंना कोण सांगणार, असं विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी बाई त्याच्या टेबलावरून गेल्या तेव्हा त्याने सांगायला हवं होतं. त्याने काचेवर फुंकर मारल्यासारखं केलं आणि मान खाली घातली. आणि आज सकाळी 'तुम्ही'.

घरात आई रागावली की 'तुम्ही' म्हणायची. 'तुमचं ताट झाकून ठेवलंय', 'तुम्ही आता मोठे झालात'. ओरडण्यापेक्षा ते वाईट असे. सकाळभर तो मोजमापाच्या टेबलाशी बसून होता आणि आईचा आवाज त्याच्या कानातून हलेना. एकदा वडील तापाने आजारी होते. दर चार तासांनी ताप बघून तक्त्यात लिहायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि दुपारचा दोनचा ताप त्याच्याकडे होता. एकोणीस वर्षांचा होता तो. खिडकीतून वारा येत होता, पुस्तक छातीवर पडलं, आणि जाग आली तेव्हा चार वाजायला आले होते. दहाचा ताप एकशे एक होता. त्याने दोनच्या घरात शंभर पूर्णांक दोन असं लिहून टाकलं, कारण ते तिथे शोभत होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं, 'छान उतरतोय' म्हणाले आणि एक औषध कमी केलं. झालं काहीच नाही. वडील बरे झाले, पुढे नऊ वर्षं जगले, गेले ते भलत्याच कारणाने. पण त्या संध्याकाळी पाणी देताना आईने विचारलं होतं, 'तुमची झोप झाली का नीट?' तिला कळलं होतं. तिने ते कधी कोणाला सांगितलं नाही, आणि त्यानेही. तो मोजमापाच्या कामात का पडला असं कोणी विचारलं की तो काहीतरी हुशारीचं उत्तर देई. प्रयोगशाळेत त्याला 'मीटर' म्हणत, आणि ते ऐकताना त्याला नेहमी थोडं चोरट्यासारखं होई.

दुपारी डबा खाताना मामा समोर येऊन बसले. मामा म्हणजे प्रिंटर चालवणारे. आधीची वीस वर्षं त्यांनी वर्तमानपत्राच्या छापखान्यात काढली होती आणि सगळ्या इमारतीचे ते मामा होते. एकशे अठ्ठावीस बारीक तोंडांपैकी कोणतं आज रुसलंय हे ते यंत्राने सांगायच्या आधी सांगत. त्याने आडून आडून विचारलं, बाई आज तुम्हाला काही वेगळं बोलल्या का. मामा म्हणाले, मला काय बोलणार, सकाळपासून त्या पिल्लाच्या मागे लागल्यात. पिल्लू म्हणजे थेंबामागून उडणारा कणभर दुसरा थेंब. तो वाट चुकला की शेजारच्या वाफ्यात जाऊन रंग बिघडवतो. मग मामांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, सोमवारचं ऐकलंय मी. छापखाना बंद झाला तेव्हाही आधी आठवडाभर कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं. तेवढंच. ते हात धुवायला गेले. मामांना निवृत्तीला सहा वर्षं होती, हे त्याने मनातल्या मनात मोजलं. आपल्याला प्रत्येक माणसाचे तास मोजायची सवय लागली आहे, असं त्याला वाटलं आणि ते आवडलं नाही.

मागच्या खोलीत चोवीस काचा काळ्या कापडाखाली उजळत होत्या. कापड उचललं की तोंडावर ऊब यायची. लालांची रांग, तिच्यात एक अंधारं घर, हिरव्यांची रांग, आणि निळ्यांची. निळ्यांत दोन घरं अंधारी होती. त्या काचांच्या कडेच्या चिकटवणीतून ओलावा शिरला होता, काळे डाग वाढत वाढत त्या दोन केव्हाच्या विझल्या होत्या. बाकीच्या सहा जळत होत्या. तो तिथे आला की दरवेळी आधी नुसता बघत उभा राहायचा. ह्या निळ्यासारखा निळा त्याने दुसरीकडे पाहिला नव्हता. त्यात चमक अशी नव्हती, डोळ्यांत टोचत नव्हता, काचेच्या पृष्ठभागावर तो जणू नुकताच येऊन बसला होता, आणि पूर्ण ठिपकाभर सारखा, कडेपासून कडेपर्यंत, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. हे कोणी हाताने केलंय, थेंबाथेंबाने, हे माहीत असून विश्वास बसू नये असं. मग त्याने मीटर लावला. पाच हजार एकशे तास. सुरुवातीच्या उजेडाच्या एक्कावन्न टक्के. अजून शंभर तासांत अर्धा. म्हणजे पाच हजार दोनशे, दहा हजाराचं जेमतेम अर्धं. गुणाकाराची पट इथे लागू पडत नव्हती. साहेबांनी मात्र मागच्या खोलीबद्दल विचारलं नव्हतं. ती खोली कागदोपत्री कोठाराचीच खोली होती. गुणून आलेला आकडा लिहिला असता तर ते खोटं झालं नसतं. छापून आलेला, पुस्तकाप्रमाणे काढलेला आकडा. तो तिथे शोभलाही असता.

शेवटी तो बाईंकडे गेला. छपाईच्या खोलीत शिरायचं तर पांढरा झगा, टोपी, तोंडावर पट्टी, हातमोजे. आत गेल्यावर सगळे सारखेच, फक्त डोळे. दिवे पिवळे. निळा उजेड त्या शायांना सोसत नाही, त्यामुळे जिथे निळा छापायचा त्या खोलीतच निळ्याला बंदी. बाई कॅमेऱ्याच्या पडद्याशी बसल्या होत्या. सेकंदाला चार हजार थेंब सुटत होते, पण दिवा त्याच तालात लुकलुकत असल्यामुळे पडद्यावर एकच थेंब हवेत स्थिर लोंबकळत दिसत होता, मागे बारीक शेपूट, शेपटीच्या टोकाला पिल्लू. बाई एक बटण केसभर फिरवत, थांबत, बघत, पुन्हा केसभर. पिल्लू आईजवळ सरकत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, सोमवारी काय होणार हे माहीत असून, ही बाई शुक्रवारी दुपारी एका थेंबाची शेपूट दुरुस्त करत बसली आहे, असं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, "बाई, माझं काही चुकलं का?"

त्यांनी मान वळवली नाही. "तुमचं काही चुकलेलं नाही. चुकू नये म्हणून 'तुम्ही' म्हणतेय."

तो उभाच राहिला. बाईंनी बटण सोडलं आणि खुर्ची वळवली. पट्टीच्या वर फक्त डोळे, थकलेले, पण रागावलेले नव्हेत.

"अकरा वर्षं ज्याला मी तू म्हणत आले, तो माझ्या विरोधात आकडा लिहिताना हात आखडणार. परक्या माणसाचा हात आखडत नाही. मला सोमवारपर्यंत परकी होऊ द्या."

"पण बाई, मागच्या खोलीत..."

"ते मला सांगू नका." हे त्या पटकन म्हणाल्या. मग हळू म्हणाल्या, "सांगून तुम्हाला हलकं वाटेल, कळतं मला. पण मग तो आकडा आपल्या दोघांचा होईल, आणि उद्यापर्यंत आपण त्याला काहीतरी कपडे घालू. सगळ्यांबरोबर कळू द्या मला." आणि त्या पुन्हा थेंबाकडे वळल्या. तो निघेपर्यंत पिल्लू आईत मिसळून गेलं होतं आणि पडद्यावर एकच थेंब होता, गोल, पूर्ण. तो बराच वेळ झगा न काढता बाहेरच्या बाकावर बसून राहिला. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि त्याऐवजी कोणीतरी हात सोडून दिल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी त्याने दोन मसुदे लिहिले, एक पटीचा आणि एक मागच्या खोलीचा, आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्याभोवती फिरत राहिला. त्याची बायको लोकांचे गुडघे आणि खांदे सरळ करायची. व्यायामाने दुखणं घालवणं हा तिचा व्यवसाय. तिला आकड्यांतलं सगळं कळत होतं असं नाही, पण तिने ऐकून घेतलं. बाईंनी परकं केल्याचं सांगताना त्याचा आवाज जरा रुसल्यासारखाच झाला असावा, कारण ती हसली. ती म्हणाली, "मी पेशंटला विचारते ना, दुखणं दहापैकी किती, तेव्हा ते माझ्या तोंडाकडे बघून आकडा सांगतात. मी दमलेली दिसले की चार, हसरी दिसले की तीन. म्हणून मी मागे जाऊन उभी राहते आणि मग विचारते. बाईंनी तेच केलंय रे, तुझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्यात." त्याने पहिला मसुदा घडी करून फाडला. दुसरा पुन्हा नीट लिहिला, आणि कोणी मागितला नव्हता असा एक परिच्छेद जोडला: की लाल आणि हिरवा अपेक्षेहून जास्त टिकतात, की वाफ्यावाफ्यातला फरक दोन टक्क्यांच्या आत आहे, आणि ह्यावरून दोष छपाईत नसून निळ्या द्रव्यात आहे असं दिसतं. लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. आपण खरंही लिहिलं आणि न्यायही केला, असं वाटलं. रविवारी तो पाय दुखेपर्यंत चालून आला.

सोमवारी टेबलाभोवती सात जण होते. साहेबांनी त्यालाच वाचायला सांगितलं. पाच हजार दोनशे हा आकडा आला तेव्हा टेबलापलीकडच्या कोणीतरी पेन खाली ठेवलं. त्याने बाईंकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. त्यांचा चेहरा हलला नव्हता. फक्त डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं होतं, पडणाऱ्याला धरावं तसं. त्या कागद वाचत राहिल्या, दुसऱ्यांदा, मग शेवटचं कोष्टक तिसऱ्यांदा. मग पेन्सिल उचलून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, एखाद्या अनोळखी माणसाला विचारावेत तसे. खोलीचं तापमान किती होतं, मीटर कधी तपासून घेतला होता, काचा एकाच दिवशी छापलेल्या की वेगवेगळ्या. तो उत्तरं देत गेला. देता देता त्याला एक विचित्र आनंद होत होता, कारण त्या चूक शोधत होत्या आणि चूक सापडत नव्हती.

मग बाई म्हणाल्या, "निळ्याच्या काचा आठ होत्या. सरासरी सहांची दिसते."

"दोन गळल्या होत्या. ओलाव्याने गेल्या, झिजून नव्हे. म्हणून वगळल्या, तशी खाली टीप दिलीय."

"वाचली टीप. लालमध्येही एक गळली होती. ती तुम्ही धरलीय."

त्याने खाली बघितलं. होय, धरली होती. लालचा आकडा इतका मोठा होता की एक गळकी काच त्यात सहज पचली होती. निळ्याला ते परवडत नव्हतं. त्याने हे ठरवून केलं नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं. हात आपोआप आखडला होता, आणि त्याला तो आखडलेला कळला नव्हता, इतक्या काळजीने लिहूनही, मसुदा फाडूनही. त्याच्या कानशिलांत ऊन उतरल्यासारखं झालं. साहेब मध्ये पडून म्हणाले की गळती वेगळी, झीज वेगळी, एवढं चालेल. बाई म्हणाल्या, चिकटवणी आमची, गळती आमची; जो पडदा विकत घेऊन घरी नेईल त्याच्या घरी तो कशाने विझला हे त्याला काय करायचंय. आणि त्याच्याकडे बघून, अगदी सौम्य आवाजात, "त्या दोन धरा आणि काढा पुन्हा." सगळ्यांसमोर, कागदाच्या मागच्या बाजूला, त्याने बेरीज केली आणि आठाने भागलं. चार हजार चारशे साठ. त्याने तो आकडा मोठ्याने सांगितला. बाईंनी तो आपल्या प्रतीवर, आधीचा खोडून, नीट अक्षरात लिहिला, आणि खाली तारीख घातली. तशीच तारीख घातली, तशाच वळणात, जशी न जमलेल्या हरेक काचेखाली ती त्याने वाचली होती. आणि त्याला वाटलं, मोजणं म्हणजे काय हे आपल्याला इतकी वर्षं मीटर म्हणवून घेऊनही आत्ता कळतंय, ह्या क्षणी, ह्या बाईच्या पेन्सिलीकडे बघताना.

मोठा पडदा त्याच दिवशी बंद झाला. पण सगळं बंद झालं नाही, आणि ते का झालं नाही हे साहेबांनी त्याला नंतर लिफ्टपाशी सांगितलं. ते म्हणाले, जी बाई स्वतःच्या निळ्याला असं भरसभेत खाली आणते तिचा लाल आणि हिरवा खोटा असणार नाही; त्यावर मी पैज लावायला तयार आहे. पुढे तीन महिन्यांत ठरलं की लहान पडदे छापायचे, दवाखान्यातल्या आणि कारखान्यांतल्या यंत्रांवरचे, ज्यांना लाल आणि हिरवे आकडे पुरतात. बारा माणसांच्या जागी पाचच उरली. मामा राहिले, तो राहिला. बाईंना कोणी जायला सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच सांगितलं की सुकण्याचं सगळं आता वह्यांत आहे आणि ते मामांना माझ्याहून चांगलं येतं. त्या दुसऱ्या शहरात एका रसायनवाल्या बाईंच्या प्रयोगशाळेत निघाल्या होत्या, जिथे ही द्रव्यं मुळात तयार करतात. निळा नेमका कुठे तुटतो, साखळीच्या कोणत्या सांध्यात, ते शिकायचंय, म्हणाल्या. तिथल्या रसायनवाल्या बाई त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या आणि तिथे ह्यांना काचेची भांडी धुण्यापासून सुरुवात करावी लागणार होती, हे त्यांनी मामांना अगदी खुशीने सांगितलं. निघायच्या दिवशी त्यांनी वह्यांचं कपाट पुसून घेतलं, प्रिंटरवर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या, आणि जिन्याने खाली गेल्या. तो दारापर्यंत सोबत गेला. सांगायचं बरंच होतं. त्याने त्यांची पिशवी गाडीत ठेवली आणि ती आडवी पडणार नाही एवढं बघितलं.

त्यानंतर आठ महिने त्यांच्याकडून काही आलं नाही. एका सकाळी टपालात जाड कागदात गुंडाळलेली एक लहान तपकिरी बाटली आली, करंगळीएवढी, आत चमचाभर शाई. सोबतच्या चिठ्ठीत द्रावकांचं प्रमाण, उबेचे अंश आणि शेवटी एकच ओळ: मोजून कळवावे. मामांनी एका जुन्या प्रिंटहेडची तोंडं दोन दिवस धुतली आणि तिसऱ्या दिवशी आठ काचा छापल्या. थर थोडा दाणेदार आला होता; शाईच अजून सरावलेल्या हाताची नव्हती. त्यांना वीज लावली तेव्हा तो आणि मामा डोकी जवळ नेऊन बघत होते. निळा उजळला, फिकट, थोडा जांभळ्याकडे झुकलेला; मामा म्हणाले, बाईंचा वाटत नाही. तो म्हणाला, अजून व्हायचाय.

हा निळा साडेतीनशे तास टिकला. जुन्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आठही काचा धरून, एकही न वगळता, त्याने तो आकडा लिहिला, दाणेदारपणा लिहिला, जांभळेपणा लिहिला, कोणती काच कोणत्या तासाला कशी गेली ते लिहिलं, आणि धीराचं एकही वाक्य न घालता कागद पाठवून दिला. पाचव्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. जांभळेपणाबद्दल दोन प्रश्न होते, दोन्ही नेमके, आणि खाली लिहिलं होतं की दुसरी बाटली पुढच्या आठवड्यात निघेल, तिसरीचं काम सुरू आहे. तो उठून मागच्या खोलीत गेला, मांडणीवरच्या लालांच्या काचा एका कडेला सरकवल्या आणि आठ-आठांच्या दोन रांगांसाठी तारा ओढायला घेतल्या.